रसग्रहण पोरांनाच करू द्या ना

मा. संपादक,
स. न.

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या पेपरात रसग्रहणाला 4 मार्क असतात. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असा साचा ठरलेला आणि ओळी पुस्तकातल्याच कवितेच्या येणार, मग काय, गाईडमधलं उत्तर पाठ करायचं नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी पीडीएफ, आणि अख्ख्या वर्गाच्या पेपरात शब्दन् शब्द तेच. मी नववी-दहावीला मराठी शिकवते. पोरांना कविता कळत नाही असं मला अजिबात वाटत नाही. त्यांना भीती असते की आपल्याला जे वाटलं ते चूक निघेल, कारण पाचवीपासून एकच प्रश्न ऐकलेला असतो, कवीला काय म्हणायचंय ते सांगा.

बालकवींची औदुंबर ही कविता फक्त 8 ओळींची. तिच्यावर मोठमोठ्या समीक्षकांचं आजपर्यंत एकमत झालेलं नाही, कुणी म्हणतं हे नुसतं निसर्गचित्र, कुणाला त्यात उदासी दिसते, कुणाला पाण्यात पाय सोडून बसलेल्या औदुंबराच्या झाडात विरक्त योगी. ती मी वर्गात दोनदा मोठ्याने वाचते आणि अर्थ सांगतच नाही, फक्त विचारते, कुठे थांबलात? एक मुलगी म्हणाली मॅडम गाव आहे, घरं आहेत, शेतं आहेत पण माणूस एकपण नाही. दुसरा म्हणाला पायवाट हिरव्या कुरणातून निघते आणि काळ्या डोहाकडे जाते, म्हणजे हिरव्याकडून काळ्याकडे. कुठल्या गाईडमध्ये हे असं येणार सांगा!

मात्र काहीही बोललं तरी चालतं असं नाही हां. प्रत्येकाला पुढचा प्रश्न ठरलेला, कवितेत कुठे दिसलं ते बोट ठेवून दाखव. दाखवता आलं की आवाज आपोआप मोठा होतो, नाही आलं तर पोरगं स्वतःच परत वाचायला लागतं, आणि खरं शिकणं तिथेच होतं असं माझं ठाम मत आहे. आणि मला ही ओळ कळली नाही, हेही उत्तर चालतं माझ्या वर्गात, उलट बऱ्याचदा चर्चा तिथूनच रंगते.

अपठित गद्य उतारा पेपरात आहेच, मग रसग्रहणाला अपठित कवितेच्या चार ओळी का नाहीत? बोर्डाने निदान तसा पर्याय तरी द्यावा. आणि पेपर तपासणाऱ्यांना स्पष्ट सूचना हवी की नमुना उत्तरापेक्षा वेगळा अर्थ असेल पण ओळींचा आधार दिला असेल तर पूर्ण मार्क द्या, कारण मार्क कापले जातील या धास्तीने पालकच म्हणतात, मॅडम, गाईडमधलंच लिहू दे. बोर्डाचा निर्णय होईल तेव्हा होईल, तोपर्यंत शाळांनी घटक चाचणीत एक तरी न शिकवलेली कविता द्यावी, त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

आपली,
एक मराठी शिक्षिका, जि. सातारा