केसावरचा चणा

प्रिय बाळ्या,

सात महिने पत्र नाही म्हणून शिव्या घाल, ऐकून घेतो. तू यंदाही गणपतीत आला नाहीस, तेव्हा फिटंफाट. आईचे गुडघे तसेच, माझी साखर तशीच, अण्णा ठणठणीत. ते ठणठणीत आहेत हीच तर पंचाईत आहे.

तू तीन वर्षांपूर्वी पाठवलेलं मासे धरायच्या 'हेअर रिग'चं पाकीट शेवटी फोडलं. हो, तेच, ज्याला मी 'गोऱ्यांचं खेळणं' म्हटलं आणि तू फोन आपटलास. गरी उघडीवाघडी आणि चणा बाहेर केसाला टांगलेला! गरी आमिषात पुरती लपवायची हे अण्णांनी आपल्या दोघांच्या पाठीत धपाटे घालून शिकवलेलं. तुझ्या त्या मिडलटन आणि मॅडॉक्स या इंग्रज गळवाल्यांनी 1980 च्या सुमारास नेमकं उलटं केलं, आणि तिकडे कार्प मासे धरणारे अजून तेच बांधतात म्हणतोस.

पहिल्यांदा त्यांनी माणसाचा खरा केस वापरला होता ना? म्हणून हिच्याकडे एक मागितला. "काळा हवा की पांढरा?" पांढरा घेतला. पहिल्याच फेकीत चणा पलीकडे, गरी अलीकडे. मग मुकाट्याने तुझा दोरा घेतला. टोकाला फास, दोरा गरीच्या डोळ्यातून, दांड्याला सात वेढे, परत डोळ्यातून मागून पुढे. रात्रभर भिजवून शिजवलेले दोन काबुली चणे सुईने ओवले, सुटू नयेत म्हणून फासात केरसुणीच्या हिराचा तुकडा. फाटक्या पागाची, म्हणजे फेकजाळ्याची, शिशं वितळवून 80 ग्रॅमचा गोळा केला.

धरणावर काठी दोन दगडांत रोवली आणि चहा काढायला बसलो. थर्मासचं झाकण फिरवतोय तोच रीळ करकरलं. रोहू! साडेतीन किलो.

रात्रभर झोप नाही. रोहूच्या जबड्यात दात नसतात रे, ते घशात. आमिष ओढून घेतो, शंका आली की फुंकून टाकतो. आपल्या पिठाच्या गोळ्यात गरी लपलेली, ती गोळ्यासकट बाहेर. इथे चणा मोकळा म्हणून सहज आत जातो, आणि थुंकताना उघडी गरी ओठात अडकते. टोचलं की तो उधळतो आणि शिशाच्या भाराने गरी आपली आपण रुतते. मग मी काय केलं? तीस वर्षं तंगूस, गळाची दोरी, तर्जनीवर धरून बसलो. मासा चाखतोय की ओढतोय हे या बोटाला कळतं, एवढीच माझी गावात पत. त्या संध्याकाळी ते बोट झाकणावर होतं! गाठ मी बांधली म्हणशील. ती आमचा चिरंजीवही मोबाइलवर बघून बांधेल. (जेटीवरचा तो तांबोसा मात्र तुझ्या घाईच्या झटक्यानेच गेला. गरी बोथट होती हे मी मरेपर्यंत मान्य करणार नाही.)

एवढ्यावर भागलं असतं. पण घरी आलो तर अण्णा ओसरीवर. माशाचं तोंड उघडून पाहिलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "नेमका खालच्या ओठात. हात बसला हो तुझा."

बाळ्या, अण्णा! ज्यांनी बारावीच्या निकालाला "बरं" म्हटलं, ते! तूच सांग, त्यावर मी तोंड कसं उघडणार होतो? गप्प बसलो, आणि त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून मासा दाखवला. कालवणात मूठभर तिरफळं घातली तरी मातट लागला, त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

आता रोज विचारतात, "मला कधी नेतोस? झटका कसा देतोस बघू." दोनदा पावसाचं निमित्त सांगितलं. दिवाळीनंतर पाऊसही राहणार नाही. सांगून टाकू? की त्यांच्यासमोर काठी हातात धरून खोटा झटका देऊ? तू असतास तर काहीतरी थाप जुळवली असतीस, त्यात तुझा हात बसलेला आहे.

नव्या घराचं काय झालं? लेकीची परीक्षा? वहिनींना नमस्कार.

आणि सहा नंबरच्या गऱ्या दहा-बारा पाठव. पत्ता दुकानाचा घाल, घरी आलेली पाकिटं अण्णा फोडतात.

तुझा,
दाद्या