उपग्रहाला नळी दिसत नाही, ओल दिसते

महोदय,

कोणत्या शेतात ठिबक, कुठे तुषार आणि कुठे पाटपाणी, याचा नकाशा उपग्रह आणि मशीन लर्निंगच्या जोरावर मुंबईत बसून काढता येतो, असे हल्ली सर्रास बोलले जाते. काढता येतो; पण उपग्रहाला १६ मिलिमीटरची नळी दिसत नाही. दिसते ती ओल, तीही पिकाने जमीन झाकेपर्यंतच.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातला एक पिक्सेल (ठिपका) १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. ओल सांगणाऱ्या अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशाचे पिक्सेल मात्र २० मीटरचे, चार गुंठ्यांचे. दहा गुंठ्यांच्या तुकड्यात बांधाला न शिवणारा असा एखादा पिक्सेल मिळाला तरी नशीब. लँडसॅट हा अमेरिकी उपग्रह तापमान १०० मीटरच्या पिक्सेलवर मोजतो. ती अडीच एकरांची सरासरी.

सुरू (हिवाळ्यात लावलेल्या) उसाची पाणी देण्याची पद्धत ओळखायला फेब्रुवारी-मार्च हा सोन्यासारखा काळ. आकाश निरभ्र, माती उघडी. पाण्याची पाळी आली की पाटपाण्याचे सगळे रान एकदम भिजते आणि पुढच्या पाळीपर्यंत सुकत जाते. ठिबकवर ओळीलगतचा पट्टा ओला, मधली जागा कोरडी; सरासरी फारशी हलत नाही. तुषारची वरवरची ओल उन्हाने दोन-तीन दिवसांत उडते आणि उपग्रह पाचव्या दिवशी येतो, मग तुषारची शेते ओळखताना हमखास चूक होते. आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टची, वर ढग. रडार ढगांतून पाहते खरे, पण ताज्या नांगरटीनेही त्याचा संकेत वाढतो आणि मॉडेल, म्हणजे नकाशा काढणारी संगणक-प्रणाली, त्याला पाणी समजते. खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) पाचट, म्हणजे वाळलेला पाला, ठेवले असेल तर मातीच दिसत नाही.

खरा घोळ मात्र मॉडेलला शिकवायला वापरलेल्या शेतांच्या नोंदींत असतो. अनुदानाच्या यादीत नाव आहे म्हणून ठिबक चालू आहे असे नव्हे. नळ्या गुंडाळून गोठ्याच्या माळ्यावरही असतात. रस्त्यावर उभे राहून घेतलेला जीपीएस बिंदू शेजाऱ्याच्या रानात पडतो. शेताच्या मधोमध जाऊन पद्धत, लागणीची तारीख आणि शेवटचे पाणी कधी दिले हे टिपावे लागते.

द्राक्ष-डाळिंब बहुतेक ठिबकवरच असतात. तिथे मॉडेल पीक ओळखते आणि ठिबक ओळखल्याचे श्रेय घेते! एकाच शेताचे निम्मे पिक्सेल शिकवायला, निम्मे चाचणीला वापरले तर ते नुसते पाठांतर. चाचणीसाठी अख्खी गावे बाजूला ठेवावी लागतात. शिवाय १०० पैकी ९० शेते पाटपाण्याची असतील, तर सरसकट ‘पाटपाणी’ म्हणणारे मॉडेलही ९० टक्के अचूक ठरते.

म्हणून मंत्रालयात असा नकाशा पुढे आला, तर ठिबकची किती शेते सुटली आणि पाटपाण्याची किती ठिबकमध्ये मोजली गेली, हे दोन आकडे विचारावेत, तेही उसाचे वेगळे. ते मिळेपर्यंत नकाशाकडे बोट दाखवून कोणाचे अनुदान अडवू नये.

— एक वाचक, पवई, मुंबई