निदान आणि शस्त्रक्रिया यांच्यामधली पायरी

माननीय संपादक महोदय,

प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीच्या) कर्करोगाविषयी आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. वेळेवर तपासणी करून घेण्याचा त्यातला आग्रह रास्त आहे. परंतु निदान होताच ग्रंथी काढून टाकणे हाच शहाणपणा, असे वाचकाच्या मनावर ठसते, ते बरोबर नाही. रोग ग्रंथीपुरताच मर्यादित असेल, तर निदान आणि उपचार यांच्यामध्ये तो किती धोक्याचा आहे हे ठरवण्याची एक पायरी असते आणि नेमकी तीच लेखात गाळली गेली आहे. चार वर्षांपूर्वी मी स्वतः त्या पायरीवर उभा होतो, म्हणून हे पत्र.

माझ्या बायोप्सीच्या अहवालात बारापैकी दोन तुकड्यांत कर्करोग आढळल्याचे नमूद होते आणि पुढे 'ग्लीसन 3+3=6' असे लिहिले होते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना किती बिघडलेली दिसते, त्याचा हा आकडा. दहापैकी सहा, म्हणजे रोग निम्म्याच्या पुढे गेला, असा हिशेब घरात सगळ्यांनी केला. मुलाने तर त्याच रात्री शस्त्रक्रियेची चौकशी सुरू केली. प्रत्यक्षात बायोप्सीत आज व्यवहारात दिला जाणारा सर्वांत खालचा आकडाच सहा आहे. आमच्यासारख्यांचा हा गैरसमज तज्ज्ञांच्याही लक्षात आला होता. 2014 मध्ये ठरलेल्या 1 ते 5 या नव्या श्रेणींत हा सहा पहिल्या श्रेणीत बसतो. सातची गोष्ट आणखी निराळी. 3+4 आणि 4+3 यांची बेरीज एकच असली, तरी पहिला आकडा सर्वाधिक आढळलेल्या पेशीरचनेचा असल्यामुळे 4+3 हा रोग अधिक आक्रमक मानला जातो. अहवालात नुसते 'सात' लिहिले असेल, तर कोणते सात, हे विचारूनच घ्यावे.

धोक्याची सर्वपरिचित वर्गवारी 1998 मधली आहे. पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या प्रथिनाचे रक्तातील प्रमाण) 10 पर्यंत, ग्लीसन 6 पर्यंत आणि बोटाने तपासताना गाठ न लागणे किंवा ती एका बाजूच्या निम्म्या भागातच असणे, हा कमी धोका. पीएसए 20 च्या वर किंवा ग्लीसन 8 किंवा त्याहून अधिक, हा जास्त धोका. उरलेले बहुतेक मध्यम. हा मधला गट फारच ऐसपैस असल्याने आता त्याचेही दोन भाग करतात आणि एमआरआय, बाधित तुकड्यांची संख्या, ग्रंथीच्या आकाराच्या मानाने पीएसए किती, हेही पाहतात. (वाढलेल्या प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड घेणाऱ्याचा पीएसए काही महिन्यांत साधारण निम्म्यावर येतो, ही गोळी डॉक्टरांना सांगायची राहिली, तर धोका कमी लेखला जातो.)

ब्रिटनमधील 'प्रोटेक्ट' चाचणीत ग्रंथीपुरता कर्करोग असलेल्या 1643 पुरुषांना देखरेख (लगेच उपचार न करता ठरावीक तपासण्या), शस्त्रक्रिया आणि रेडिएशन अशा तीन गटांत चिठ्ठीपद्धतीने विभागले होते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे 15 वर्षांत या कर्करोगाने दगावलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे 3.1, 2.2 आणि 2.9 टक्के होते, म्हणजे फरक नगण्यच. याचा अर्थ देखरेख सर्वांत बरी, असा मात्र नव्हे. त्या गटात रोग इतरत्र पसरण्याचे प्रमाण 9.4 टक्के, तर इतर दोन गटांत 5 टक्क्यांच्या आसपास होते, आणि देखरेखीवरच्या सुमारे 60 टक्के पुरुषांना पुढे केव्हातरी शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन घ्यावेच लागले. दुसरीकडे, शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी 46 टक्के पुरुषांना लघवी गळते म्हणून पॅड वापरावे लागत होते. सहा वर्षांनंतरही 17 टक्क्यांना. लैंगिक क्षमतेवरही शस्त्रक्रियेचाच परिणाम सर्वाधिक होता, तर रेडिएशनचा त्रास शौचाच्या तक्रारींतून दिसला. दुष्परिणामांचे हे आकडे मला आधी कोणी सांगितले नाहीत. दुसरे मत घ्यायला गेलो तेव्हा कळले.

जास्त धोक्याच्या रुग्णांना मात्र या चाचणीचा दिलासा लागू करू नये, कारण तिच्यात बहुसंख्य पुरुष कमी किंवा मध्यम धोक्याचे होते. जास्त धोक्याच्या रुग्णांना उपचार टाळणे परवडत नाही. रेडिएशन घेतल्यास त्याच्या जोडीला बहुधा दीड ते तीन वर्षे हार्मोन रोखणारे औषध द्यावे लागते. येथे उलट चूकही होते: पंचाहत्तरी ओलांडलेल्या, पण रोज चार किलोमीटर चालणाऱ्या धडधाकट माणसाला 'आता या वयात कशाला' म्हणून सोडून दिले जाते. जन्मतारखेपेक्षा हृदय, मधुमेह, मूत्रपिंड यांची अवस्था पाहून पुढे दहा वर्षांचे आयुष्य अपेक्षित आहे का, याचा अंदाज घ्यायचा असतो. केंब्रिजच्या संशोधकांनी तयार केलेले 'प्रेडिक्ट प्रोस्टेट' हे मोफत गणनसाधन वय आणि इतर आजार धरूनच हे गणित मांडते. ते डॉक्टरांसोबत बसून पाहावे.

मी देखरेख निवडली. ठरावीक अंतराने पीएसए, मध्ये एमआरआय, एकदा पुन्हा बायोप्सी, असा तो क्रम आहे, आणि प्रत्येक अहवालाच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, हेही लिहायलाच हवे. पुरवणीत हा विषय पुन्हा घ्याल, तेव्हा जगण्याची टक्केवारी कोणत्या धोक्याच्या गटातील रुग्णांची आहे, एवढे तरी तिच्याशेजारी छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक