टाळ्यांनंतरचा केको

महोदय,

सुट्टीत घरातल्या मुलांना ‘फ्री विली’ (१९९३) दाखवला. त्यातला बंदिस्त ओर्का (किलर व्हेल) दगडी बांधावरून समुद्रात झेपावला तेव्हा टाळ्या पडल्या. मग मी त्यांना ती भूमिका करणाऱ्या केकोची गोष्ट सांगितली. १९७९ मध्ये आइसलँडजवळ तो पिल्लू असतानाच पकडला गेला. चित्रपट गाजत होता तेव्हा तो मेक्सिको सिटीतल्या लहानशा, कोमट पाण्याच्या टाकीत होता. पाठीवरचा पर लुळा पडलेला, कातडीवर चट्टे. जगभरातल्या मुलांनी त्याच्या सुटकेसाठी पैसे जमवले, १९९८ मध्ये तो आइसलँडला परतलाही. पण माणसाच्या हातून खाण्याची सवय हाडीमासी खिळलेली. पुढे पोहत नॉर्वेला गेला, तिथेही माणसांच्याच जवळ राहिला आणि २००३ मध्ये वारला.

मुलं गप्प झाली. धाकटीनं विचारलं, “त्याची आई कुठं होती?” मला हा प्रश्न टाळ्यांहून मोलाचा वाटतो.

भारतानं २०१३ मध्ये डॉल्फिनच्या खेळांच्या केंद्रांना मनाई केली, हे शाळांनी आवर्जून सांगावं. प्राणिसंग्रहालयाच्या सहलीआधी असा चित्रपट दाखवावा आणि नंतर अर्धा तास फक्त मुलांना बोलू द्यावं.

– एक पालक, सातारा