नव्या बराकीआधी डॉक्टर नेमा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कैदी मावेनात की नव्या बराकींची भाषा सुरू होते. माझा विरोध आहे. धाकटा भाऊ अकरा महिने कच्चा कैदी होता, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच आत. कारागृहाचं नाव घालत नाही. खानापूरहून दोन बस बदलून मुलाखतीला जायचो. जाळीपलीकडे तो शर्टाचं एकच बटण लावायचा, काढायचा, परत लावायचा. त्याला झोपेच्या गोळ्या चालू होत्या. आईनं नेलेली डॉक्टरांची चिठ्ठी गेटवरच राहिली. मारामारीत कपाळाला सात टाके पडले, तेही आम्हाला पुढच्या मुलाखतीत दिसले!

२०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत ५०० कैद्यांमागे एक समुपदेशक सांगितलाय. आम्हाला अकरा महिन्यांत एकही भेटला नाही. धारवाडला मानसोपचाराची मोठी सरकारी संस्था आहे, तिथले डॉक्टर आठवड्यातून एकदा आणायला भिंत बांधावी लागत नाही. शिवाय देशातल्या चार कैद्यांपैकी तिघे कच्चेच (२०२२ ची सरकारी आकडेवारी). त्यांचे जामीन अर्ज लवकर निकाली काढा, जागा आपोआप होईल.

भाऊ सुटला. अजून रात्री दिवा घालवू देत नाही.

– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)