गॅस गिझरचा हिशोब: विनायकास पत्र

बडोदे, २४ नोव्हेंबर

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. वरच्या मजल्यावरचे न्हाणीघर नव्याने बांधून घेत आहेस आणि त्यात विजेचा गिझर बसवावा की गॅसचा, यावरून घरात दोन तट पडले आहेत, हे वाचले. गॅसचा घेतलात तर निम्म्या खर्चात आंघोळी होतील, असे दुकानदाराने सांगितल्याचेही तू लिहितोस. आमच्याकडे गॅसचा गिझर बरीच वर्षे आहे, तेव्हा तू मला विचारलेस हे बरे केलेस. माझे मत आधीच सांगून टाकतो. निम्म्या खर्चाची गोष्ट खरी नाही. आणि गिझरची व गॅसची किंमत पाहण्याआधी, जळलेला गॅस घराबाहेर कसा जाणार, याचा खर्च मांडायला हवा. तो मांडूनही परवडत असेल आणि जागा तशी असेल, तरच गॅसचा गिझर घे.

प्रथम इंधनाचा हिशोब करू, कारण वाद तिथूनच सुरू झाला आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते, मग ती विजेची असो वा गॅसची. तुमच्या ग्वाल्हेरला जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतले पाणी बारा-तेरा अंशांवर येते असे धर. आंघोळीला चाळीस अंशांचे पाणी हवे, म्हणजे वीस लिटरच्या एका बादलीला सुमारे ५४० किलोकॅलरी लागल्या. विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात. थोडी उष्णता वाया जाते हे धरले तरी एका बादलीला ०.७ युनिटच्या आसपास वीज लागते. युनिटला सात रुपये धरले तर बादली पाच रुपयांना पडली. आता सिलिंडर घे. १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमध्ये दीड लाख किलोकॅलरींहून थोडी जास्त उष्णता असते आणि चांगल्या गिझरमध्ये तिच्यातली शंभरातली ऐंशी पाण्यात उतरते. एवढ्यात तुमच्या थंडीतल्या सुमारे २३० बादल्या निघतील. सिलिंडरला नऊशे रुपये धर, म्हणजे बादली चार रुपयांच्या जरा आत आली. बादलीमागे जेमतेम रुपया वाचला. पाच माणसांचे घर, चार महिन्यांची खरी थंडी, रोज माणशी एक बादली, असे धरले तर सगळ्या हिवाळ्यात सहाशे रुपये वाचतात, आणि त्यातूनच गिझरचे सेल, साफसफाई आणि दुरुस्ती भागवायची आहे. तुमचे विजेचे बिल वरच्या टप्प्यात जात असेल तर फरक थोडा वाढेल, सिलिंडर महाग झाला तर कमी होईल. आकडे तुझ्या बिलांवरून बदलून घे, पण रीत हीच ठेव.

आमची गोष्ट थोडी निराळी आहे. बडोद्याला नळाचा गॅस १९७२ पासून आहे. आधी महानगरपालिका तो पुरवीत असे, २०१३ पासून पालिका आणि सरकारी गेल गॅस कंपनी यांच्या संयुक्त कंपनीकडे ते काम आहे. त्यामुळे दांडिया बाजार, रावपुरा या आमच्या जुन्या भागांतल्या किती तरी मराठी घरांत आजीच्या पिढीनेच शेगडीला मीटरचा गॅस पाहिला. इथे एक घनमीटर गॅस पन्नास रुपयांच्या आसपास धरला, तर आमच्या मवाळ थंडीत बादली तीन रुपयांच्या आत तापते आणि विजेची साडेतीन रुपयांच्या पुढे जाते. म्हणजे नळाच्या गॅसवरसुद्धा फायदा आहे तो पैशांत मोजण्याइतका, डोळे दिपवणारा नाही. खरी सोय वेगळीच आहे: वीज गेली तरी पाणी तापते, आणि एकामागून एक पाच जणांनी आंघोळ केली तरी शेवटच्याला गारठावे लागत नाही. सिलिंडर संपत आल्याची काळजी नसते, हेही आहेच. तुमच्या गल्लीत नळाचा गॅस आलेला नाही, त्यामुळे यातले शेवटचे सुख तुला मिळणार नाही.

याच सोयीत खर्चाची एक वाट दडलेली आहे. सहा लिटरचा गिझर म्हणजे मिनिटाला सहा लिटर गरम पाणी. मुलांनी शॉवरखाली दहा मिनिटे काढली की तीन बादल्या गेल्या, आणि विजेच्या पंधरा लिटरच्या टाकीसारखे पाणी मध्येच संपून कुणाला आवरते घ्यावे लागत नाही. हिशोब बादलीचा करून वापर शॉवरचा केला, तर वाचलेला रुपया केव्हाच निघून जातो.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, आणि हा भाग काकूंना आणि वहिनींना वाचून दाखव अशी माझी विनंती आहे.

सहा लिटरचा गिझर पूर्ण चालला तर तासाला सुमारे एक किलो एलपीजी जाळतो. स्वयंपाकाच्या शेगडीच्या एका बर्नरपेक्षा कितीतरी पट मोठी ती आग आहे. एक किलो एलपीजी नीट जळायला बारा घनमीटरच्या आसपास हवा लागते. तू न्हाणीघर पाच फूट बाय सात फुटांचे करणार आहेस. छत आठ फुटांवर धरले तर त्यात सगळी मिळून आठ घनमीटर हवा मावते. गिझर आतच बसवला, दार लावले, थंडी म्हणून झरोकाही बंद केला, आणि पाव तास पाणी चालू ठेवले, तर त्या आठातली तीन घनमीटर हवा ज्योतीने वापरली आणि जळलेला गॅस तिथेच कोंडला. प्राणवायू कमी पडला की ज्योत गॅस अर्धवट जाळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळला तर कळावे म्हणून एलपीजीला मुद्दाम वास दिलेला असतो, पण जळून जे तयार होते त्याला तो वास नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने धरतो, म्हणून डोके जड होणे, मळमळ, पायांतली शक्ती जाणे हे सगळे कळेपर्यंत दाराची कडी काढण्याचे बळ उरत नाही. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत अशा बातम्या येतात, आणि त्या बहुधा बंद न्हाणीघरात आत बसवलेल्या गिझरच्या असतात. काकू पहाटे सर्वांच्या आधी, कडी लावून, निवांत आंघोळ करतात. त्यांच्यासाठीच मी एवढे सविस्तर लिहीत आहे.

आपल्या घरांतला तांब्याचा बंब आठवून पाहा. त्याच्या मधून धुराचे नळकांडे वर काढलेले असे, तो परसात किंवा उघड्या पडवीत पेटवला जाई, आणि पाणी तेवढे बादलीने आत नेले जाई. गोवरीचा, लाकडाचा धूर डोळ्यांना झोंबे, त्यामुळे तो घरात ठेवण्याचा विचारही कुणी केला नाही. गॅसचा धूर दिसत नाही म्हणून आपण त्याला आत घेतले. गिझर बाहेर आणि पाणी आत, ही बंबाची मांडणीच योग्य होती.

आमचा गिझर मागच्या चौकाच्या उघड्या भिंतीवर, पत्र्याच्या छोट्या छपराखाली आहे. त्याच्यापासून गरम पाण्याची नळी भिंतीतून न्हाणीघरात येते. यासाठी जास्तीची नळी, पाणी वाटेत निवू नये म्हणून तिच्यावर आच्छादन, गॅसच्या लाइनचा नवा फाटा आणि छप्पर असा खर्च आला, आणि तो गिझरच्या किमतीच्या निम्म्याहून कमी नव्हता. दुकानात सहा लिटरचा गिझर चार ते सात हजारांत मिळतो, म्हणून तो विजेच्या गिझरपेक्षा स्वस्त दिसतो. हा दुसरा आकडा त्यात मिळवला की तसे राहत नाही. भिंत उघडी नसेल तर गिझरच्या डोक्यावरून जळलेला गॅस थेट बाहेर नेणारे नळकांडे हवेच, आणि खाली दाराशी कायमची उघडी जाळी हवी, कारण बाहेर जाणाऱ्या हवेइतकी हवा आत आली पाहिजे. नुसता एक्झॉस्ट पंखा लावून हे साधत नाही. सिलिंडर तर न्हाणीघरात कधीही ठेवू नये; एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जमिनीलगत साचून राहतो.

दोन बारीक गोष्टी घेताना विचार. नळाच्या गॅसचा गिझर आणि सिलिंडरचा गिझर यांचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोंडे, वेगवेगळे असतात, कारण दाब आणि वायू दोन्ही वेगळे आहेत. म्हणून खोक्यावर एलपीजी लिहिलेलाच घे, आणि पुढे लाइन आली तर जेट बदलून मिळेल का, ते आजच विचारून ठेव. दुसरे म्हणजे, पाण्याच्या दाबाने आतला पडदा दाबला गेल्याशिवाय ज्योत पेटत नाही. टाकी वरच्या मजल्याच्या अगदी डोक्यावर टेकलेली असेल तर दाब कमी पडून गिझर नुसताच टकटक करत राहील.

देखभालीविषयी थोडे. ठिणगीसाठी दोन मोठे सेल लागतात, ते किरकोळ आहे. खरा खर्च पाण्यातल्या क्षारांचा असतो. बोअरचे पाणी असेल तर तांब्याच्या नळीत आतून थर बसतो आणि तेच पाणी तापवायला जास्त गॅस लागतो. मागच्या वर्षी आमच्या गिझरच्या काचेतून दिसणारी निळी ज्योत टोकाला पिवळी होऊ लागली. मिस्त्रीने पुढचे झाकण उतरवले, तेव्हा बर्नरच्या तोंडाशी धूळ आणि कोळ्याचे जाळे होते, आणि वरच्या तांब्याच्या पातळ पात्यांमध्ये मखमलीसारखी काजळी भरलेली होती. त्याने दातांच्या ब्रशने एकेक पाते साफ केले, जेट तारेने मोकळे केले, आणि ज्योत पुन्हा निळी झाली. पिवळी ज्योत म्हणजे अर्धवट जळणारा गॅस, म्हणजे बिलही जास्त आणि विषही जास्त. म्हणून दिवाळीच्या आधी वर्षातून एकदा झाकण उतरवून घेणे हा खर्च टाळण्याचा नाही.

तू दिलेल्या वर्णनावरून तुझ्या न्हाणीघराच्या तीन भिंती आतल्या खोल्यांना लागून आहेत. तसे असेल तर माझे स्पष्ट म्हणणे आहे की वीजबचतीचे पाच तारे (स्टार) असलेला पंधरा लिटरचा विजेचा गिझर घे, अर्थिंग पक्के करून घे, आणि हिवाळ्याला सहाशे रुपये जास्त गेले तर जाऊ दे. चौथी भिंत गच्चीकडे उघडी असेल, टाकी पुरेशी उंच असेल, आणि वहिनी म्हणतात त्याप्रमाणे सकाळी वीज वारंवार जात असेल, तर गॅसचा गिझर बाहेर बसवण्याला माझी हरकत नाही. फक्त त्याला वारा थेट लागू देऊ नकोस.

तेव्हा भिंत कोणत्या बाजूला उघडी आहे, टाकीचा तळ शॉवरपासून किती उंच आहे, आणि जानेवारीचे विजेचे बिल किती युनिटचे होते, एवढे कळव. गवंडी भिंतीला गिलावा करण्याआधी पत्र किंवा फोन आला तर बरे, कारण नळीसाठी भोक तेव्हाच ठेवावे लागेल.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मधुकर