नावं सापडत नाहीत तेव्हा: राउटरच्या नियमांबद्दल निखिलला पत्र

चि. निखिल,

अनेक आशीर्वाद. घरच्या राउटरवर नवे फायरवॉल नियम (काय जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं ते ठरवणारे) लावल्यापासून वेबसाइट उघडत नाहीत आणि मेसेज मात्र मधूनच येतात, असं तू कळवलंस. त्यावर हे सविस्तर पत्र लिहिते आहे. प्रिंट काढून राउटरजवळ ठेव. नावंच सापडत नसतील, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता मिळत नसेल, तेव्हा नेटवर उपाय शोधायची सोय नसते. आज्ञा मी देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजी घे.

मेसेज येतात आणि साइट उघडत नाही, यात विरोधाभास नाही. आधीच जुळलेली जोडणी चालू राहते, कारण तिला नाव पुन्हा विचारायची गरज नसते. काही नावांची उत्तरं फोनच्या किंवा ब्राउझरच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, शिल्लक असतात, ती मुदत संपेपर्यंत चालतात. म्हणून नियम लावल्यावर दहा मिनिटं सगळं ठीक दिसतं आणि मग एकेक गोष्ट बंद पडत जाते. तपासणीआधी विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ आणि लिनक्सवर ‘रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस’ चालव, नाहीतर जुनी उत्तरं तुला चकवतील.

फायरवॉल पूर्ण बंद करून ‘चालतंय का’ बघायचा मोह होईल, तो आवर. त्यातून दोष फायरवॉलमध्ये आहे एवढंच कळेल, आणि ते तुला आधीच माहीत आहे. खरा प्रश्न हा की विचारणा नेमकी कुठे मरते.

सुरुवात दोन पिंगांनी कर: ‘पिंग १.१.१.१’ आणि मग ‘पिंग एक्झाम्पल.कॉम’. पहिला चालला आणि दुसऱ्यात नावच सापडलं नाही, तर नेट आहे, अडचण डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधायच्या व्यवस्थेची, आहे. पहिलाही चालला नाही तर लगेच निष्कर्ष काढू नकोस, काही नियमसंच पिंगलाच अडवतात. त्यानंतर हे तीन प्रश्न वेगवेगळे विचार:

एनएसलुकअप एक्झाम्पल.कॉम १९२.१६८.१.१
एनएसलुकअप एक्झाम्पल.कॉम १.१.१.१
एनएसलुकअप -व्हीसी एक्झाम्पल.कॉम १.१.१.१

पहिला प्रश्न राउटरला विचारला जातो, दुसरा राउटर ओलांडून बाहेरच्या रिझॉल्व्हरला, म्हणजे नावं शोधून देणाऱ्या सर्व्हरला, तिसरा त्याच बाहेरच्याला पण टीसीपीवरून, म्हणजे आधी जोडणी जुळवून. लिनक्सवर ‘डिग @१.१.१.१ एक्झाम्पल.कॉम’ आणि टीसीपीसाठी शेवटी ‘+टीसीपी’. विंडोजवर सर्व्हरचं नाव ‘अननोन’ दिसलं तर घाबरू नकोस. राउटरच्या पत्त्याला उलट नाव नोंदलेलं नसतं, एवढंच. आणखी एक: पॉवरशेलमधली ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा पोर्ट तपासताना फक्त टीसीपी बघते. ती पोर्ट ५३ (डीएनएससाठी ठरलेला क्रमांक) उघडं दाखवते आणि माणूस निर्धास्त होतो, पण साध्या विचारणा यूडीपीवर, म्हणजे जोडणी न जुळवता, जातात आणि तिथे वाट बंद असू शकते.

उत्तर कसं येतं ते नीट वाच. ‘टाइम आउट’ म्हणजे पॅकेट (पाठवलेल्या माहितीचा तुकडा) मुकाट्यानं टाकलं जातंय, बहुधा ‘ड्रॉप’ नियम, किंवा उत्तर परतताना अडतंय. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे एकतर ‘रिजेक्ट’, म्हणजे नकार कळवणारा, नियम आहे किंवा त्या पोर्टवर कुणी ऐकतच नाही. नुसतं ‘रिफ्यूज्ड’ (उत्तर द्यायला नकार), ‘एनएक्सडोमेन’ (असं नावच नाही) किंवा ‘सर्व्हफेल’ (सर्व्हरला उत्तर काढता आलं नाही) आलं तर विचारणा पोचली आणि उत्तरही परत आलं, म्हणजे तुझ्या यंत्रापासून त्या सर्व्हरपर्यंतच्या नियमांत दोष शोधू नकोस. राउटरकडून ‘सर्व्हफेल’ किंवा ‘रिफ्यूज्ड’ येत असेल तर बहुधा राउटरला पुढचा सर्व्हर सापडत नाही, असं समज.

आता गाभ्याची गोष्ट. राउटरमधून जाणारी प्रत्येक विचारणा तीनपैकी एका चेनमधून, म्हणजे नियमांच्या यादीतून, जाते, आणि चुकीच्या चेनमध्ये लिहिलेला अचूक नियमही निरुपयोगी असतो. फोन राउटरच्याच पत्त्याला विचारतो तेव्हा पॅकेटचा शेवट राउटरमध्येच होतो, म्हणून ते ‘इनपुट’मधून जातं. फोन थेट १.१.१.१ ला विचारतो तेव्हा ते ‘फॉरवर्ड’मधून जातं. राउटरमधला डीएनएसमास्क हा नावं शोधणारा प्रोग्राम फोनच्या वतीनं बाहेर विचारतो ते ‘आउटपुट’मधून, आणि त्याचं उत्तर पुन्हा ‘इनपुट’मधून आत येतं. वरच्या तीन प्रश्नांपैकी पहिला फसला आणि दुसरा चालला तर ‘इनपुट’ बघ. पहिला चालून दुसरा फसला तर ‘फॉरवर्ड’. खुद्द राउटरवरून केलेली विचारणा फसली तर ‘आउटपुट’ आणि परतीचा नियम.

परतीचा नियम विसरणं हे सर्रास घडतं. ‘एस्टॅब्लिश्ड, रिलेटेड’ स्थितीतल्या, म्हणजे आधीच सुरू झालेल्या संवादाच्या, पॅकेटांना परवानगी देणारी ओळ ‘इनपुट’ आणि ‘फॉरवर्ड’ दोन्हींत अगदी वर हवी. ती नसली की प्रश्न जातो आणि उत्तर दारात मारलं जातं. यावर काही जण ‘सोर्स पोर्ट ५३ ला परवानगी’ असा नियम लिहितात. तसं करू नकोस. सोर्स पोर्ट कुणीही स्वतः ५३ ठेवू शकतो, म्हणजे तो नियम बाहेरच्या सगळ्यांसाठी उघडी वाट ठरतो. विचारणाऱ्याचं पोर्ट कुठलंही असू दे, तू फक्त डेस्टिनेशन पोर्ट ५३ लिही. डॅन कामिन्स्की या संगणक-सुरक्षा संशोधकानं २००८ मध्ये कॅशमध्ये खोटी उत्तरं घुसवायची पद्धत उघड केली, तेव्हापासून रिझॉल्व्हर जाणीवपूर्वक प्रत्येक विचारणेला यादृच्छिक सोर्स पोर्ट वापरतात. ते बांधून ठेवणारा कुठलाही नियम ते संरक्षण काढून घेतो.

पाहुण्यांच्या वायफायसाठी तू वेगळा झोन (स्वतंत्र नियमांचा गट) केला आहेस, आणि तुझा मुख्य दोष तिथेच असावा असं मला वाटतं. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये (राउटरवर चालणाऱ्या प्रणालीत) अशा झोनचं ‘इनपुट’ आपण ‘रिजेक्ट’ ठेवतो, ते योग्यच आहे. पण मग त्या झोनमधल्या यंत्रांना राउटरकडे नाव विचारायला स्वतंत्र परवानगी लागते: सोर्स झोन पाहुण्यांचा, प्रोटोकॉल टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, डेस्टिनेशन पोर्ट ५३, आणि डेस्टिनेशन झोनच्या जागी ‘डिव्हाइस (इनपुट)’. इथे ‘वॅन’, म्हणजे बाहेरच्या नेटची बाजू, निवडलं तर तो ‘फॉरवर्ड’चा नियम होतो. पडद्यावर नियम बरोबर दिसतो, काम मात्र होत नाही. त्याच झोनला यूडीपी पोर्ट ६७ साठीही तसाच नियम दे, नाहीतर यंत्रांना डीएचसीपीनं पत्ताच मिळणार नाही आणि तू डीएनएसमध्ये दोष शोधत बसशील.

नियमांचा क्रम हा दुसरा मोठा सापळा. चेनमध्ये वरून खाली वाचन होतं आणि स्वीकार किंवा नकाराचा पहिला लागू नियम निकाल देतो. नियम लिहायच्या ‘आयपीटेबल्स’ या साधनात ‘-ए’ नियम शेवटी जोडतं, म्हणजे शेवटच्या ‘ड्रॉप’च्याही खाली. तो तिथे कधीच वाचला जात नाही. ‘-आय’ वर घालतं (हे दोन्ही आणि पुढचा ‘-एल’ मोठ्या इंग्रजी अक्षरांत). एनएफटेबल्स या त्याच्या नव्या पर्यायात आणखी एक बारकावा आहे: एकाच हुकवर (तपासणीच्या टप्प्यावर) दोन मूळ चेन असतील तर एकीतला स्वीकार दुसरीला बांधत नाही, नकार मात्र अंतिम असतो. डॉकरसारखी (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यांत चालवणारी) साधनं स्वतःच्या चेन घालतात तेव्हा हे लक्षात ठेव.

कुठला नियम लागू होतोय हे अंदाजानं ठरवू नकोस, काउंटर (प्रत्येक नियमाला किती पॅकेटं लागली तो आकडा) बघ. ‘आयपीटेबल्स -एल -व्ही -एन --लाइन-नंबर्स’ चालव, आकडे लिहून ठेव, एकदा नाव विचार, पुन्हा आकडे बघ. जिथला आकडा वाढला तो तुझा नियम. यातला ‘-एन’ गाळू नकोस. तो नसला तर ही आज्ञा प्रत्येक पत्त्याचं नाव शोधू लागते, आणि नावंच सापडत नसताना मिनिटभर अडकून राहते. नवीन ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे २२.०३ पासूनचं, एनएफटेबल्स वापरतं. तिथे ‘एनएफटी लिस्ट रूलसेट’ पुरेसं आहे. स्वतः हातानं लिहिलेल्या एनएफटी नियमांत मात्र ‘काउंटर’ शब्द घातल्याशिवाय मोजणी होत नाही.

काउंटरनं समाधान झालं नाही तर ‘टीसीपीडम्प -एन -आय बीआर-लॅन पोर्ट ५३’ चालव. ही आज्ञा घराच्या बाजूनं ये-जा करणारी पॅकेटं दाखवते. प्रश्न आत येताना दिसतो का, उत्तर बाहेर जाताना दिसतं का, एवढंच बघ. मग तेच वॅनच्या इंटरफेसवर. एका बाजूला दिसून दुसऱ्या बाजूला न दिसलेलं पॅकेट मधल्या फायरवॉलनं किंवा डीएनएसमास्कनं गिळलं. टीसीपीडम्प ओपनडब्ल्यूआरटीत आधीपासून नसतं, आणि ते उतरवायला नाव सापडावं लागतं. म्हणून सगळं सुरळीत असेल त्या दिवशी ते टाकून ठेव.

टीसीपी ५३ चा आग्रह मी का धरते ते सांगते. १९८७ च्या मूळ नियमाप्रमाणे यूडीपीवरचं उत्तर ५१२ बाइटपर्यंतच असे. आता मोठी उत्तरंही चालतात, पण तुकडे पडू नयेत म्हणून २०२० पासून १२३२ बाइटची मर्यादा सुचवली जाते: आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) ची किमान हमीची १२८० बाइट, त्यातून ४० आणि ८ बाइटची हेडर वजा. उत्तर यात मावलं नाही तर सर्व्हर ते कापून पाठवतो आणि ‘टीसीपीवरून पुन्हा विचार’ असं सुचवतो. टीसीपी बंद असेल तर बहुतेक साइट चालतात आणि मोजकी नावं कायम अडतात. असा दोष शोधायला सगळ्यात त्रासदायक, कारण सगळे त्या साइटलाच दोष देतात.

सगळं चालतंय पण प्रत्येक नवं पान पाच-दहा सेकंद थांबून उघडतं, असं असेल तर आयपीव्ही६ कडे बघ. लिनक्सवर एका सर्व्हरची वाट पाहायची मुदत मुळात ५ सेकंद असते. राउटर जाळ्यात स्वतःची घोषणा (‘राउटर अॅडव्हर्टाइजमेंट’) करतो त्यातून आयपीव्ही६ चा डीएनएस पत्ता देतो, यंत्र आधी तिथे विचारतं, आणि तुझे नियम फक्त आयपीव्ही४ साठी लिहिलेले असतात. ‘आयपी६टेबल्स’ वेगळं असतं, तिथेही तीच परवानगी दे. आणि आयसीएमपीव्ही६ (आयपीव्ही६ चे सूचना-संदेश) सरसकट बंद करू नकोस. शेजारचं यंत्र ओळखणंही त्यावरच चालतं.

बाबांच्या फोनवर ‘प्रायव्हेट डीएनएस सर्व्हरशी संपर्क होत नाही’ असं येत असेल तर कारण निराळं आहे. अँड्रॉइड ९ पासूनची ही सोय टीसीपी पोर्ट ८५३ वापरते. तिथे सर्व्हरचं नाव दिलेलं असेल आणि ८५३ बंद असेल तर फोन साध्या डीएनएसकडे वळत नाही, सरळ थांबतो. ‘ऑटोमॅटिक’वर ठेवलं तर वळतो. एकतर ८५३ उघड किंवा फोनचं सेटिंग बदल. घरातल्या जाळ्यात अडवायचंच असेल तर ‘ड्रॉप’ऐवजी ‘रिजेक्ट’ वापर. दार वाजवल्यावर आतून ‘नाही’ ऐकू आलं तर माणूस लगेच पुढे जातो, सामसूम असेल तर ताटकळतो. ब्राउझर मात्र नावं पोर्ट ४४३ वरूनही विचारू शकतात. तो रहदारीचाच रस्ता असल्यानं पोर्टवरून वेगळा काढता येत नाही. म्हणून ब्राउझर चालतोय याचा अर्थ डीएनएस ठीक आहे असा घेऊ नकोस.

सगळ्यांच्या विचारणा जाहिराती गाळणाऱ्या छोट्या सर्व्हरकडे वळवायचा तुझा विचार चांगला आहे, पण त्यात दोन खड्डे आहेत. समज सर्व्हर १९२.१६८.१.१० वर आहे आणि लॅपटॉप १९२.१६८.१.५० वर. लॅपटॉपनं ८.८.८.८ ला विचारलं, राउटरनं ते .१० कडे वळवलं, पण .१० एकाच जाळ्यात असल्यानं उत्तर राउटरला वगळून थेट देतो. लॅपटॉप वाट बघत असतो ८.८.८.८ ची, म्हणून ते उत्तर फेकून देतो. डिग इथे ‘रिप्लाय फ्रॉम अनएक्स्पेक्टेड सोर्स’ असं स्पष्ट सांगतं. वळवलेल्या पॅकेटांना मास्करेड लाव (पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या जागी राउटरचा पत्ता घालणं), म्हणजे उत्तर राउटरमार्गे येईल. त्या बदल्यात सर्व्हरला सगळ्या विचारणा राउटरकडूनच आल्यासारख्या दिसतील. दुसरा खड्डा: वळवण्याच्या नियमातून खुद्द .१० ला वगळ, नाहीतर त्याची बाहेरची विचारणा त्याच्याकडेच परत येईल.

दोन किरकोळ गोष्टी. लिनक्सच्या लॅपटॉपवर ‘इनपुट’ कडक केलं असेल तर ‘एलओ’ इंटरफेसला (यंत्राच्या स्वतःशीच असलेल्या जोडणीला) परवानगी दे, कारण तिथला रिझॉल्व्हर बहुधा १२७.०.०.५३ वर ऐकतो. आणि राउटर बंद-चालू केल्यावरच नावं अडत असतील तर घड्याळ बघ. अनेक राउटरांत बॅटरीचं घड्याळ नसतं. डीएनएससेकची, म्हणजे उत्तरांवरच्या डिजिटल सह्यांची, तपासणी चालू असेल तर चुकीच्या वेळेमुळे सह्या अमान्य ठरतात, आणि वेळ दुरुस्त करायला टाइम सर्व्हरचं नाव सापडावं लागतं. टाइम सर्व्हर आयपी पत्त्यानं दिलास की ही गाठ सुटते.

वॅनच्या बाजूनं पोर्ट ५३ कधीही उघडू नकोस, तपासणीपुरतंसुद्धा नको. असे उघडे रिझॉल्व्हर शोधणारे स्कॅनर सतत फिरत असतात. खोट्या पत्त्यानं छोटे प्रश्न विचारून मोठी उत्तरं तिसऱ्याच माणसावर सोडायला अशा रिझॉल्व्हरांचा वापर होतो, आणि तुला कळेपर्यंत लाइन तुंबलेली असते.

बदल करण्याआधी ‘/इटीसी/कॉन्फिग/फायरवॉल’ ही फाइल कॉपी करून ठेव, एकावेळी एकच नियम बदल आणि काम केबलनं जोडून कर. इतकं करूनही अडलं तर तीन गोष्टी मोबाइल डेटावरून मला पाठव: तिन्ही एनएसलुकअपची उत्तरं, काउंटरसकट नियमांची पूर्ण यादी, आणि दोन्ही बाजूंच्या टीसीपीडम्पच्या दहा-बारा ओळी. पासवर्ड आणि बाहेरचा आयपी पत्ता खोडून पाठव.

आईबाबांना नमस्कार.

तुझी,
ताई